तहानलेला काठ

ग्रँड कॅन्यनच्या दक्षिण काठावर नळाखाली बाटली धरली की तिच्यात पडणारं पाणी पलीकडच्या काठाखालून आलेलं असतं. उत्तर काठापासून साधारण नऊशे मीटर खाली, चुनखडीच्या कड्यातून रोअरिंग स्प्रिंग्ज नावाचा झरा फुटतो. त्याचं पाणी पाइपातून दरीच्या तळाला उतरतं, पुलावरून कॉलोरॅडो नदी ओलांडतं, उतारात कमावलेल्या दाबावर समोरच्या बाजूला अर्ध्या वाटेपर्यंत चढतं आणि तिथून पंपाच्या जोरावर उरलेले नऊशे मीटर वर येतं. एकूण साडेबारा मैलांची, म्हणजे वीस किलोमीटरची पाइपलाइन. वर्षाला पन्नास लाखांच्या आसपास माणसं ही दरी बघायला येतात. कठड्याला टेकून 'काय हे ओसाड वाळवंट' म्हणतात आणि त्याच वाळवंटाच्या पोटातलं पाणी पितात.

सह्याद्रीत हिंडलेल्या माणसाला हे उलटं वाटतं. आपल्याकडे पाणी डोंगराच्या माथ्यावर शोधायचं. गडावर टाकी खोदलेली असतात, काळा पाषाण पाणी धरून ठेवतो, आणि पावसाळ्यात कड्यावरून धबधबे कोसळताना दिसतात. इथे काठावर ओढा नाही. उत्तरेकडच्या काईबाब पठारावर वर्षाला साठ-पासष्ट सेंटिमीटर पाऊस आणि बर्फ मिळून पडतं, दक्षिण काठावर चाळीसेक, आणि नदीच्या तळाशी वीस-बावीस. पण पठारावर पडलेलं वाहत नाही. ते जमिनीत जातं, कारण वरचा थरच चुनखडीचा आहे आणि त्याला जागोजागी विवरं पडली आहेत. वसंतात बर्फ वितळलं की पाणी या विवरांत शिरतं आणि दिसेनासं होतं. संशोधकांनी अशा विवरांत निरुपद्रवी रंग ओतून पाहिले. काही आठवड्यांत ते रंग अनेक किलोमीटर दूरच्या, शेकडो मीटर खोल झऱ्यांत उतरले. म्हणजे वरच्या विवरात जे पडेल ते खालच्या नळात यायला फार वेळ लागत नाही. खडकातून गाळून आलेलं पाणी शुद्धच असणार, हा समज त्या रंगांनी मोडला.

या दरीत पाणी कुठे सापडेल हे थर सांगतात. एकदा ते वाचता आले की नकाशा निम्मा पाठ होतो. वरून खाली येताना आधी फिकट काईबाब चुनखडी, तिच्याखाली तोरोवीप, मग पांढुरका, उभा, जुन्या वाळूच्या टेकड्यांपासून झालेला कोकोनिनो वालुकाश्म. त्याच्या पायाशी हर्मिट शेल, लालभडक आणि मऊ. शेल म्हणजे चिखलाचा दगड, पंकाश्म. त्यातून पाणी सहज झिरपत नाही. म्हणून पांढरा कडा संपून लाल उतार सुरू होतो त्या सांध्यावर पहिला ओलावा दिसतो. हे झरे मोठे नसतात. हर्मिट वाटेवरचा सांता मारिया झरा म्हणजे एका कुंडात पडणारी बारीक धार. तिथून जवळच्या ड्रिपिंग स्प्रिंग्जला तर धारही नाही. कोकोनिनोच्या एका कपारीच्या छतातून थेंब थेंब गळतात आणि छतालाच हंसराज उलटा लोंबतो. आपल्या विहिरींच्या कडांना, ओढ्याकाठच्या दगडांना लागणारा हाच तो हंसराज. वनस्पतिशास्त्राच्या हिशेबानेही तोच. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी लुई बूशे नावाचा एक खाणकाम करणारा एकांडा माणूस या थेंबांच्या भरवशावर इथे राहत होता. 'हर्मिट' हे वाटेचं आणि थराचं नाव त्याच्यावरूनच पडलं.

पण खरं पाणी आणखी खाली आहे. हर्मिटच्या खाली सुपाई गटाचे लाल पायऱ्यांसारखे थर, आणि मग दीडशे मीटरहून उंच, जवळजवळ सरळ तुटलेला रेडवॉल. दरीच्या मध्यावर जी लाल भिंत सगळ्यात आधी नजरेत भरते, ती हीच. नाव रेडवॉल असलं तरी दगड मूळचा करडा. वरच्या लाल थरांतून लोहाचा गंज धुपून भिंतीवर ओघळला, म्हणून ती रंगली. ताजा तुकडा तुटलेला असेल तिथे करडा पोत दिसतो. रेडवॉल आणि त्याखालचा म्युआव्ह हे दोन्ही चुनखडीचे. लाखो वर्षं भेगांमधून पाणी खेळून त्यांच्यात गुहा आणि नळ्या झाल्या आहेत. त्यांच्याखाली ब्राइट एंजल शेल येतो, हिरवट आणि पाणी अडवणारा. वरून नऊशे-हजार मीटर उतरलेलं पाणी या हिरवट थरावर अडतं, आडवं पसरतं आणि दरीने कापलेल्या कड्यात तोंड मिळालं की बाहेर पडतं. रोअरिंग स्प्रिंग्ज, थंडर स्प्रिंग, हवासू हे सगळे मोठे झरे याच चुनखडीतले. म्हणून तिथल्या वाटाड्यांचा साधा आडाखा असा, की लाल भिंतीचा पाय आणि हिरवट पठाराचा माथा यांच्यामधली पट्टी बघायची. तिथे एकाएकी झाडी दिसली तर पाणी असण्याची शक्यता मोठी. सह्याद्रीत दोन लाव्हाथरांच्या मधल्या तांबड्या मातीच्या पट्ट्यावर झरे फुटतात, तोच न्याय. फक्त इथे पट्टी तांबडी नसून हिरवी.

मग हवासूसारखे अपवाद सोडले तर मोठे झरे उत्तरेलाच का? थर दक्षिणेकडे किंचित कललेले आहेत. उत्तर पठारावर मुरलेलं पाणी कलानुसार दरीकडे येतं. दक्षिण पठारावर मुरलेलं पाणी त्याच कलाने दरीपासून दूर जातं. त्यात उत्तर काठ दक्षिणेपेक्षा तीनशेहून अधिक मीटर उंच, म्हणून तिथे बर्फही जास्त. हा कल नजरेला जाणवत नाही इतका थोडा आहे, पण त्यानेच ठरवलं की हॉटेलं दक्षिणेला आणि पाणी उत्तरेला. रेल्वे १९०१ मध्ये दक्षिण काठावर पोचली तेव्हा पाणीसुद्धा रेल्वेनेच, टँकरच्या डब्यांतून, दीड-दोनशे किलोमीटरवरून आणावं लागत होतं. १९३२ पासून दरीतल्या एका झऱ्याचं पाणी पंपाने वर येऊ लागलं.

तो झरा म्हणजे हवासुपाई गार्डन्स. काठापासून साडेचार मैल, सव्वासात किलोमीटर, आणि नऊशेहून अधिक मीटर खाली. वरून बघताना ब्राइट एंजल वाटेच्या टोकाशी हिरवा ठिपका दिसतो तो हाच. इथे पाणी यायचं कारण वेगळं आहे. या ओळीत खडक तुटून एक बाजू सरकलेली आहे. अशा तुटीला भूशास्त्रात प्रस्तरभंग म्हणतात. तुटीमुळे उभे कडे मोडले, घळ पडली आणि माणसांना उतरायला वाट मिळाली. त्याच तुटीतल्या भेगांतून पाण्यालाही वाट मिळाली. साउथ काईबाब वाट मात्र धारेवरून उतरते. तिथे दोन्ही बाजूंना उघडी दरी, दृश्य डोळ्यांत मावत नाही, आणि सात मैलांत पाण्याचा एक थेंब नाही. दृश्य हवं तर धार, पाणी हवं तर घळ. पहिल्यांदा जाणाऱ्यांनी धारेने उतरून घळीने चढावं असं अनुभवी लोक सांगतात ते यामुळे. चढताना तहान लागते, आणि त्या वाटेवर नळ आहेत. पण दीड मैल आणि तीन मैलांवरच्या विश्रांतिस्थळांचे नळ थंडीत बंद असतात, पाइप गोठून फुटू नयेत म्हणून. डिसेंबरात जाणाऱ्याने भरवसा ठेवायचा तो हवासुपाई गार्डन्सवरच.

या जागेचं नाव २०२२ पर्यंत 'इंडियन गार्डन' होतं. हवासुपाई लोक इथे शेती करत. राष्ट्रीय उद्यान झालं १९१९ मध्ये, आणि त्यानंतर दशकभरात त्यांना इथून हलवलं गेलं. नाव बदललं, पाणी मात्र त्यांना परत मिळालेलं नाही. दरीतल्या नावांची गंमत इथे जरा कडवट होते. काठावरून पूर्वेकडे पाहिलं की विष्णू टेंपल नावाचं सव्वादोन हजार मीटरहून उंच शिखर दिसतं, त्याच्या शेजारी राम श्राइन आणि कृष्ण श्राइन. पलीकडे ब्रह्मा टेंपल, पश्चिमेला शिवा टेंपल. क्लॅरेन्स डटन या भूशास्त्रज्ञाने १८८० च्या दशकात विष्णू आणि शिवा ही नावं दिली आणि पुढच्यांनी तीच तऱ्हा चालवली. नदीकाठच्या पावणेदोनशे कोटी वर्षांच्या काळ्या खडकाचंही नाव विष्णू शिस्ट. मराठी पाहुणे हे वाचून हरखतात, ते साहजिक आहे. दिशा ओळखायला ही शिखरं खरोखर उपयोगी पडतात. पठारावर वाट चुकली तर ब्रह्मा आणि झोरोआस्टर या शिखरांच्या जोडीवरून आपण नदीच्या कोणत्या वळणापाशी आहोत ते कळतं. पण देवस्थान म्हणायचं तर ते शिखरांवर नाही, पाण्यापाशी आहे. नॉर्थ काईबाब वाटेवरचा रिबन फॉल्स झूनी लोकांसाठी त्यांच्या पूर्वजांच्या उगमाची जागा आहे. होपी लोकांची तशी जागा लिटल कॉलोरॅडो या उपनदीच्या घळीत, झऱ्यातल्या क्षारांनी रचलेल्या एका घुमटाशी आहे. तिथे बाहेरच्यांनी जायचं नाही. न गेल्याने कुणाचं काही अडत नाही.

रिबन फॉल्सचं पाणी तीसेक मीटरवरून शेवाळलेल्या एका उंचवट्यावर पडतं. तो उंचवटा पाण्यानेच बांधला. चुनखडीतून येताना पाण्यात चुना विरघळतो. उघड्यावर आल्यावर पाण्यातला कार्बन डायऑक्साइड उडतो, चुना धरून ठेवण्याची त्याची ताकद कमी होते आणि तो शेवाळावर, काड्यांवर, दगडांवर बसतो. बोअरचं पाणी तापवणाऱ्या गीझरच्या कॉइलवर बसतो तोच पांढरा थर, इथे शतकानुशतकं. या दगडाला ट्रॅव्हर्टाइन म्हणतात. तो पोकळ आणि ठिसूळ असतो. त्यावर पाय दिला की कडा तुटते, आणि एका हंगामात हजार पाय पडले तर धबधब्याची शोभाच जाते.

हेच रसायन सगळ्यात देखणं दिसतं हवासू ओढ्यात. झऱ्याचं पाणी बारा महिने साधारण २१ अंशांचं, आणि रंग निळसर हिरवा. हवासुपाई या नावाचा अर्थच 'निळ्या-हिरव्या पाण्याची माणसं'. सुपाई या त्यांच्या गावाला गाडीरस्ता नाही; तेरा किलोमीटर चालत, खेचरावरून, नाहीतर हेलिकॉप्टरने जायचं, आणि टपालही खेचरावरूनच येतं. परवानगी त्या समाजाकडून घ्यावी लागते. एका दिवसात जाऊन परत येण्याची मुभा नाही. ओढ्यातले ट्रॅव्हर्टाइनचे बांध मात्र कायमचे समजू नयेत. ऑगस्ट २००८ च्या पुरात ओढ्याने पात्र बदललं, नवाहो फॉल्स कोरडा पडला आणि शेजारी नवे धबधबे तयार झाले. जुनं छायाचित्र घेऊन जागा शोधणारे तिथे गोंधळतात.

थंडर रिव्हर हा या दरीचा विनोद आहे. चुनखडीच्या भिंतीतून पाणी एवढ्या जोरात उसळतं की त्याला नदी म्हटलं गेलं. अर्धा मैल, म्हणजे जेमतेम आठशे मीटर, धावून ती साडेतीनशेहून अधिक मीटर कोसळते आणि टॅपीट्स क्रीक नावाच्या ओढ्याला मिळते. नदी ओढ्याला मिळते, ओढा पुन्हा कॉलोरॅडो नदीला. तिच्यापर्यंतची वाट मात्र हसण्यासारखी नाही. उत्तर काठावरून उतरून आधी एस्प्लनेड नावाचं उघडं वालुकाश्माचं पठार लागतं. तिथे पाऊस झाला असेल तर खडकातल्या खळग्यांत पाणी, नसेल तर काही नाही. पुढे रेडवॉल उतरल्यावर सरप्राइज व्हॅली येते. सावली नाही, पाणी नाही, आणि दरी तव्यासारखी तापते. नदीचा आवाज येईपर्यंत तिथे पाणी आहे यावर विश्वास बसत नाही. जाणकार लोक उतरतानाच एस्प्लनेडवर परतीच्या चढासाठी पाणी ठेवून जातात, डब्यावर नाव आणि तारीख घालून, आणि रिकामे डबे परत आणतात. प्लास्टिकच्या पातळ बाटल्या उंदीर कुरतडतात, म्हणून डबा जाड हवा.

टॉंटो वाट नदीच्या दक्षिणेने, हिरवट पठारावरून दीडशेहून अधिक किलोमीटर जाते आणि आडव्या येणाऱ्या प्रत्येक घळीत शिरून बाहेर पडते. सरळ रेषेत दोन किलोमीटर दिसणारं अंतर पायी सहा होतं. नकाशात घळीतून निळी रेघ काढलेली असते. ती बघून पाणी गृहीत धरणं, ही या वाटेवरची सगळ्यात महाग चूक. निळी रेघ म्हणजे पाणी वाहून गेल्याची खूण, आज आहे असं नाही. मार्चमध्ये वाहणारे काही ओढे जूनमध्ये वाळूत बुडालेले असतात. निघण्याआधी उद्यानाच्या बॅककंट्री कार्यालयात त्या आठवड्याची पाण्याची स्थिती विचारायची, आणि माणशी किमान चार लिटर नेण्याची सोय ठेवायची. उन्हाळ्यात तळाशी काठापेक्षा दहा-बारा अंश अधिक तापतं आणि सावलीत ४३ च्या वर पारा जातो, तेव्हा चारही कमी पडतात. सकाळी दहा ते दुपारी चार या वेळात चालायचं नाही. दुरून कॉटनवूडची गडद हिरवी पालवी दिसली तर मुळाशी ओल आहे इतकं नक्की. पृष्ठभागावर पाणी असेलच असं नाही. वाळुंजाच्या जातीची झुडपं दाट असतील तर आशा जास्त.

सगळं पाणी पिण्याजोगंही नाही. सॉल्ट क्रीकचं नावच पुरेसं आहे. नदीकाठच्या पंपकिन स्प्रिंगचं कुंड भोपळ्यासारखं नारिंगी, कोमट आणि दिसायला मोहक. त्यात आर्सेनिक आहे. हॉर्न क्रीकचं पाणी सगळ्यात फसवं, कारण ते स्वच्छ असतं. वर काठावर ऑर्फन नावाची युरेनियमची खाण १९५६ ते १९६९ चालली, आणि तिचा अंश या ओढ्यात उतरतो. उद्यानाची सूचना सरळ आहे: तहानेने मरण्याखेरीज दुसरा पर्याय उरला नसेल तरच प्यावं. उकळून युरेनियम आणि आर्सेनिक जात नाहीत, उलट पाणी आटलं की दाट होतात. गाळणीही इथे उपयोगाची नाही.

जंतूंचा प्रश्न वेगळा आणि सोपा. झऱ्याच्या मुखाशी घेतलेलं पाणीही गाळून किंवा उकळून प्यायचं. साध्या गाळणीतून विषाणू सुटतात. २०२२ मध्ये नदीतून जाणाऱ्या आणि दरीत हिंडणाऱ्या दोनशेहून अधिक लोकांना नोरोव्हायरसने आजारी पाडलं. म्हणून गाळल्यावर क्लोरीन, किंवा सरळ एक मिनिट उकळी. घरगुती साध्या ब्लीचचे लिटरला दोन थेंब घालून अर्धा तास थांबायचं. पाणी गार असेल तर अधिक. नदीचं पाणी लालसर गढूळ असतं तेव्हा गाळणी पाच मिनिटांत तुंबते. तिथे आजीचा उपाय चालतो: बादलीत तुरटी फिरवून रात्रभर ठेवायचं, सकाळी वरचं नितळ ओतून घ्यायचं, मग गाळायचं. अमेरिकन नावाडीही बरोबर तुरटी ठेवतात. आणि नुसतं पाणी पीत सुटू नये. घामावाटे गेलेलं मीठ भरून निघालं नाही तर रक्तातलं सोडियम घसरतं, मळमळतं, माणूस बरळू लागतो, आणि तहान लागली समजून त्याला आणखी पाणी पाजलं जातं. पिशवीतला खारा चिवडा इथे औषध आहे.

मुक्काम झऱ्यापासून साठ मीटर लांब. हा नियम केवळ स्वच्छतेसाठी नाही. कित्येक मैलांत तेवढंच पाणी असेल तर रात्री रानमेंढ्यांनाही तिथेच यावं लागतं, आणि तंबू दिसला की त्या येत नाहीत.

आता पुन्हा त्या पाइपाकडे. ॲल्युमिनियमची ही पाइपलाइन १९६५ मध्ये घालायला घेतली. डिसेंबर १९६६ मध्ये काईबाब पठारावर प्रचंड पाऊस झाला, ब्राइट एंजल ओढ्याला पूर आला आणि अर्धवट झालेलं काम वाहून गेलं. त्याच वादळात शेजारच्या क्रिस्टल क्रीकमधून दगडधोंड्यांचा लोंढा नदीत उतरला आणि क्रिस्टल रॅपिड हा खळाळता टप्पा तयार झाला. आज नावाडी ज्याला सगळ्यात जास्त बिचकतात त्यांतला तो एक. पाइपलाइन पुन्हा घातली, १९७० मध्ये ती सुरू झाली. घळीत दरडी कोसळतात, ओढा काठ खातो, सांधे थकतात. २०१० पासून ती ८५ हून अधिक वेळा मोठ्या प्रमाणावर फुटली. दुरुस्तीला माणसं आणि सामान हेलिकॉप्टरने न्यावं लागतं. ऑगस्ट २०२४ च्या शेवटी एकामागून एक चार ठिकाणी फुटली आणि लेबर डेच्या सुट्टीच्या तोंडावर दक्षिण काठावरच्या मुक्कामाच्या सोयी बंद कराव्या लागल्या. २०२३ मध्ये नव्या पाइपलाइनचं काम सुरू झालं. तिच्यासाठी पाणी वर झऱ्यावर न घेता खाली, नदीजवळच्या फँटम रँच या मुक्कामाच्या जागेपाशी ब्राइट एंजल ओढ्यातून उचलायचं आहे. त्याने मधला सगळ्यात ठिसूळ टप्पा टळतो. पण २०२५ च्या जुलैत वणव्याने उत्तर काठावरचं लॉज आणि जलशुद्धीकरण केंद्र जाळलं. जळलेल्या उतारांवर पाऊस पडला की राख आणि माती ओढ्यात येते, आणि आता पाणी घ्यायचं ते ओढ्यातूनच.

नदीवरचा सिल्व्हर ब्रिज या पाइपासाठीच बांधला. चालायची फळी लोखंडी जाळीची आहे, पायांखाली आरपार दिसतं: आधी पाइप, आणि त्याच्या खाली, बऱ्याच खाली, कॉलोरॅडोचं गढूळ पाणी.